लीनाचा हात आणि गुलाबाची नवी जात

"अवं, फोटो कापणं म्हणजे काय, गुलाबाची छाटणी! मले काय शिकवतं?" असं बायकोला ऐकवून देवेंद्रने माउस हातात घेतला, आणि सिंदी मेघेतल्या एका सुखी संसारावर कात्री चालायला सुरुवात झाली.

माणूस तसा गरीब हो! दिवसभर कचेरीत फायली सरकवायच्या आणि संध्याकाळी गच्चीवरच्या गुलाबांशी गप्पा मारायच्या. इंटरनेटवर गुलाबवाल्यांचा एक मंच होता, तिथे तो 'वर्धेचा काटा' या नावाने सल्ले द्यायचा. कळी गळते, पानावर डाग पडतात, कोणी विचारायचा अवकाश, काटा हजर! आता या मंचावर जो तो आपल्या लिखाणाखाली सही लावतो. सही म्हणजे नुसतं नाव नव्हे, आडवी रंगीत चित्रपट्टी! एकदा लावली की प्रत्येक उत्तराखाली आपोआप उमटते. आर्वीच्या रूपरावांच्या सहीत सोनेरी अक्षरं लखलखायची. काट्याच्या सल्ल्याखाली मात्र कोरडं ठाक! आणि उद्या रविवारी हीच मंडळी गच्ची पाहायला आणि लीनाच्या हातच्या बेसनाच्या पाटोड्या खायला येणार होती. त्याआधी सही झालीच पाहिजे!

फोटोही ठरलेला. उभ्या आयुष्यात देवेंद्र एकाच फोटोत बरा दिसला होता. गच्चीवर, चौकड्याच्या शर्टात, शेजारी लीना, आणि लीनाचा हात त्याच्या खांद्यावर. पण पट्टी पडली तोकडी, दोन चेहरे काही मावेनात. मग त्याने मनात काहीएक वाईट न आणता (देवाशपथ, नव्हतं हो काही!) बायकोला खोडून टाकलं.

लीना गेली. हात काही जाईना! हात खोडावा तर खांद्याला भगदाड. भगदाड बुजवायला शर्टाचे चौकडे उचलून चिकटवले, तर ते गळ्यापर्यंत चढले! शेवटी त्याने शक्कल लढवली आणि त्या हातावर एक टपोरा लाल गुलाब डकवला. गुलाबाखालून चार बोटं आणि अंगठी डोकावत होती, पण साहेबांचा चष्मा होता कपाळावर. "वा रे पठ्ठ्या!" म्हणत त्याने सही लावली आणि चहा प्यायला गेला.

परत येतो तर मंचावर ही झुंबड!

"काटेभाऊ, हे कोणती जात आहे? पाकळ्याखाली बोटं कशी फुटली?" रूपराव विचारत होते.

"कलम भेटन काय?" दुसऱ्याने लिहिलं.

"फवारणी जास्त झाली वाटते!" तिसरा.

देवेंद्र घाईघाईने आपली जुनी उत्तरं उघडून पाहू लागला. त्यातच नवीन शोध लागला. सही लावली की ती जुन्या उत्तरांखालीही उमटते! पाच वर्षांतला एकूण एक सल्ला बोटं दाखवत उभा होता. कोणाच्या तरी वडिलांच्या निधनावर त्याने 'आपल्या दुःखात सहभागी आहे' असं लिहिलेलं, त्याखालीसुद्धा दात काढणारा देवेंद्र आणि बोटवाला गुलाब!

तो सही काढायला धावला, तेवढ्यात लीनाचा फोन वाजला. आर्वीहून तिची धाकटी बहीण मंजुषा बोलत होती. तीही त्याच मंचावर!

"ताई, भाऊजीनं तुले कापून टाकलं वं!"

लीना येऊन स्क्रीनसमोर उभी राहिली. अंगठी ओळखायला तिला कितीसा वेळ लागणार?

"अजी, हा माहाच हात आहे न?"

"हो... म्हणजे... तो निघतच नव्हता."

"म्हणजे तुमी काढाले पाह्यला!"

"तसं नाई वं, पट्टी लहान हाये..."

"कामापुरता हात ठेवला अन् बाकीची बायको फेकली! बरं आहे. उद्या पाहुणे आले तं त्या हातालेच सांगा पाटोड्या थापाले. मी चालली आर्वीले!"

कपाटावरची बॅग धाडकन खाली आली. देवेंद्रला उद्याची फजिती दिसत होतीच, पण त्याहून जास्त त्याला स्वतःची लाज वाटली. त्या फोटोत तो बरा दिसत होता तो कोणामुळे? खांद्यावर तो हात होता म्हणून ना!

"दहा मिनिटं थांब वं," तो काकुळतीला आला. "आर्वीची बस काय, पुढचीही भेटते!"

त्याने मूळ फोटो पुन्हा उघडला. चष्मा नाकावर घेतला. लीनाला पदरासकट, हातासकट, जशीच्या तशी पट्टीत बसवली. तेवढ्यात जागा संपली. संपू दे! त्याने तशीच सही लावून टाकली.

लीना बॅग घेऊन वाकून बघत राहिली.

"हे मी. अन् तुमी कुठी?"

"हा काय," त्याने पट्टीच्या कडेला बोट ठेवलं. "खांदा."

लीनाने हसू दाबायचा फार प्रयत्न केला, पण ते फुटलंच. "येडे कुठले!" म्हणत ती बॅग तिथेच ठेवून बेसन काढायला गेली.

रविवारी गच्ची फुलून गेली. पाहुण्यांनी ओळखावं म्हणून देवेंद्रने मुद्दाम तोच चौकड्याचा शर्ट घातला होता. सिंदी रेल्वे गावच्या यशोदाबाई मंचावर दाखल झालेल्या आदल्या संध्याकाळी, म्हणजे नवी सही लागल्यावरच. त्यांनी दारातच लीनाचे दोन्ही हात धरले.

"पोरी, पाच वर्षाचे सल्ले एका बैठकीत वाचले मी! केवढं ग्यान आहे वं तुह्याजवळ!"

लीनाने पदर सावरला, गोड हसली आणि एका अक्षराने चूक सुधारली नाही. मग यशोदाबाईंनी मागे पाटोड्यांचा ट्रे धरून उभ्या असलेल्या देवेंद्रला खालपासून वरपर्यंत निरखलं.

"तुमाले कुठी तरी पाह्यलं बाप्पा," त्या म्हणाल्या. "चेहरा काई ध्यानात येत नाई, पण खांदा मोठा ओळखीचा वाटून राह्यला!"