पावडरीचा खोका आणि मी

आमची कन्या कला महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला आहे. परीक्षेच्या प्रदर्शनासाठी तिने वर्षभर खपून धुण्याच्या पावडरीचे खोके केले. लाकडाचे, पण वरची रंगरंगोटी हुबेहूब दुकानातल्यासारखी. याला पॉप आर्ट म्हणतात. बाजाराने माणसाची ओळख कशी गिळली, हे त्यातून दिसतं म्हणे. (पहिला खोका पाहून मी "यावर काही फ्री होतं का?" असं विचारलं. तेव्हापासून ती माझ्याशी कलेवर बोलत नाही.)

परीक्षेच्या सकाळी ती पुढे गेली आणि खोके गाडीतून पोहोचवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी गाडी भरतोय तोच बायको म्हणाली, "अहो, निघायच्या आधी तेवढी पावडर आणून द्या. कपडे भिजवायचेत."

कोपऱ्यावरून पावडर आणली, गाडीत टेकवली, गाडीतून उचलून बायकोच्या हातात दिली आणि सुटलो. हॉलमध्ये खोक्यांची छान उतरंड रचली, तोच फोन वाजला.

"अहो, हा खोका उघडत नाहीये."

"कात्रीने काप."

"कात्री मोडली. लाकडाचा आहे हो हा. बादलीत बुडवून ठेवलाय, मऊ पडतो का बघते."

पोरीची मेहनत बादलीत, आणि उतरंडीच्या ऐन मध्यावर कोपऱ्यावरच्या दुकानातला माल. नापास झाली तर अख्खं वर्ष पुन्हा. मी तडकाफडकी ठरवलं, की काहीच बोलायचं नाही. (माझे आयुष्यातले सगळे धाडसी निर्णय याच जातीचे आहेत.) हातात रिकामी पिशवी धरून मी त्या खोक्यासमोर ठाण मांडलं.

परीक्षक आले. बारीक, दाढीवाले, चष्मा कपाळावर. एकेक खोका न्याहाळून "वा" म्हणत मला वळसा घालून मागे डोकावले.

"हा एक फसलाय," ते म्हणाले. "खरा वाटत नाही."

कन्येने खोक्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्या नजरेत मी बादलीशिवाय बुडालो.

"पण ही कल्पना झकास," परीक्षक माझ्याभोवती फिरत म्हणाले. "जाहिरातींनी पोखरलेला ग्राहक. चेहऱ्यावर स्वतःचं म्हणून काही नाही. पिशवीसुद्धा कुणीतरी हातात दिल्यासारखी. जिवंत आहे का?"

"अधूनमधून, सर," कन्या शांतपणे म्हणाली.

तिला पहिला वर्ग मिळाला. मला मात्र प्रदर्शन संपेपर्यंत तिथेच उभं राहावं लागलं, छातीवर 'कृपया हात लावू नये' अशी पाटी लावून. संध्याकाळी बायको पाहायला आली. आधी खोके पाहिले, मग पाटी वाचून ती कधी नव्हे इतकी हसली.

तिच्या शेजारी एक बाई उभ्या होत्या. मला बरंच निरखून त्या म्हणाल्या, "खोके घेईन म्हणते घरी ठेवायला. हा नको. अगदी असाच एक आहे आमच्याकडे."

बायकोने समजूतदारपणे मान डोलावली.

"एकाच कारखान्यातून निघतात हो सगळे."