नानांना नामंजूर लढाया

पानिपत आपण हरलो, असं बुऱ्हाणपुरात केशवनानांसमोर म्हणायची सोय नव्हती. "हरलो कसे? मला तो निकाल मंजूर नाही," म्हणत ते हातातला कापड मोजायचा गज खाली ठेवत आणि गिऱ्हाईक ताटकळत बसे.

राजघाटाकडे उतरणाऱ्या रस्त्यावर त्यांचं कापडाचं दुकान होतं. समोरच्या माडीवर मी, शाळामास्तर, भाड्यानं राहायचो. एकदा दापोऱ्याचा शेतकरी धोतर घ्यायला आला. नानांनी धोतर गादीवर लांबच लांब पसरलं.

"ही यमुना. पाणी चढलेलं, बराबर? दुश्मन पलीकडं. आता आपण इथं अडकून न पडता खाली सरकलो तर?"

"नाना, माझी बैलगाडी उन्हात उभी आहे."

"अरे, इथं दिल्ली चाललीय आणि तुला गाडीची पडलीय!"

शेवटी त्यानं तीच यमुना घडी घालून नेली.

गावाजवळच्या असीरगड किल्ल्याचं दुखणं तर घरचंच. बादशहानं आतल्या लोकांना सोनं चारून दार उघडवलं, हे नाना काल घडल्यासारखं सांगत. "मी किल्लेदार असतो ना, तर सोनं ठेवून घेतलं असतं अन् दार उघडलंच नसतं. काय करणार होता बादशहा?"

दुपारचा डबा घेऊन आलेली त्यांची बायको, आमच्या काकू, म्हणत, "घरात शिरलेलं मांजर हाकलवत नाही, अन् निघाले बादशहाला अडवायला."

मग एका सकाळी निजामाच्या राज्यात आपली फौज शिरल्याची बातमी आली. आम्ही दोघेचौघे दुकानात धावलो. वाटलं, आज नाना कापडाचा अख्खा ताका पसरणार. नाना धोतरांच्या घड्या घालत बसले होते.

"नाना, फौज कुठल्या बाजूनं पुढं जाईल?" कोणीतरी विचारलं.

"कपडा घ्यायचाय का? नसेल तर उठा."

त्या फौजेत त्यांचा एकुलता एक मुलगा वसंता होता. भरतीच्या वेळी छाती काढून त्याला स्टेशनवर पोचवायला नानाच गेले होते.

आठवडा उलटायच्या आत लढाई संपली. दसऱ्यानंतर वसंता रजेवर आला; काळवंडलेला, पण धडधाकट. सगळ्या गल्लीनं पेढे खाल्ले. दुसऱ्या दिवशी दुपारी मी नानांना छेडलं, "नाना, निजामाच्या लोकांनी आधीच पूल उडवले असते तर?"

नानांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "मास्तर, या लढाईत दुसरं काही होऊच शकत नव्हतं."

"पण समजा..."

"समजायचं नाही. कोणीच समजायचं नाही."

ते उठले, भर दुपारी दुकानाच्या फळ्या लावल्या आणि घरी निघून गेले. गादीवर विसरलेली त्यांची टोपी मी दुकानाबाहेर पडताना उचलली होती; ती घेऊन मागोमाग गेलो.

ओसरीवर वसंता तोंड उघडं टाकून गाढ झोपला होता. नाना त्याच्या उशाशी बसून हातपंख्यानं वारा घालत होते. मला पाहताच त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"आल्यापासून असंच चाललंय," काकू हलक्या आवाजात म्हणाल्या. "तो झोपला की हे जागे."

वसंतानं कूस बदलली. नाना आवाज न करता उठले आणि त्याचं तोंड जिकडे होतं, त्या बाजूला जाऊन बसले.