यादोरावांची बॅटरी

यादोराव लांजेवारांच्या घरी चहा हमखास मिळतो, पण त्याआधी वजन द्यावं लागतं. व्हरांड्यातच लोखंडी काटा मांडलेला आहे. पाहुणा चपला काढतो न काढतो तोच यादोराव म्हणतात, "चढा जी वर. लाजू नोका." मी त्यांचा शेजारी, इथल्याच, लाखनीच्या शाळेत मराठी शिकवतो. माझं वजन माझ्या बायकोला ठाऊक नसेल, यादोरावांना तोंडपाठ आहे. दिवाळीनंतर गेलो की काट्याकडे बघून मान हलवतात. "सर, अनारसे बोलून राहिले."

फक्त सुमनकाकू, म्हणजे त्यांची बायको, आजवर त्या काट्यावर चढलेल्या नाहीत. "मी का धानाचं पोतं हावो?" एवढंच एकदा म्हणाल्या. यादोरावांनी पुन्हा विषय काढला नाही.

यादोरावांचं आयुष्य स्वतःच्या राईस मिलमध्ये पोती तोलण्यात गेलं. मुलगा पुण्यात नोकरीला लागला, मिल दुसऱ्याला चालवायला दिली, आणि मिलमधले जुने काटे यादोरावांसोबत घरी आले. काट्यांना काही काम हवं म्हणून यादोरावांनी मोटार बांधली, असं गावात बोलतात. मीही बरेच दिवस तेच समजत होतो.

दक्षिणेतून कुठूनतरी ट्रकवर खोकी आली तेव्हा आम्हाला वाटलं, मळणीयंत्र आलं. खोक्यांतून निघाले पाइप, फायबरचे पिवळे पत्रे आणि दोन सीटा. इंजिन एका मोडीत निघालेल्या छोट्या गाडीचं. मिलमधल्या वेल्डरला घेऊन यादोरावांनी अंगणातल्या टिनाच्या शेडखाली ते सगळं जोडलं. झाली ती शर्यतीतल्यासारखी मोटार. टप नाही, काचा नाहीत, बूड जमिनीपासून जेमतेम वीतभर. पोरं तिला 'डोंगा', म्हणजे होडी, म्हणायची. हायवेवर ट्रकांच्या गर्दीत तिला नेणं शक्यच नव्हतं, म्हणून ती मागच्या रस्त्याने मिलच्या आवारात जायची आणि परत यायची.

"हलकी हाय म्हणून पळते," यादोराव सांगायचे. "वजन म्हणजे दुश्मन जी." मोटारीत बसण्याआधी ते खिशातला सुपारीचा डबा काढून व्हरांड्यात ठेवत. दारं तर नव्हतीच. दार म्हणजे फुकटचं वजन. यादोरावांचं स्वतःचं वजन मात्र चांगलंच भरभक्कम होतं. म्हशीवर बसावं तसे ते पत्र्यावरून पाय टाकून आत उतरायचे आणि मोटार उजवीकडे हळूच कलायची. त्याबद्दल कोणी बोलायचं नाही.

मोटार चारही चाकांनी चार काट्यांवर उभी करून ते तासन्‌तास बघत बसत. बॅटरी डाव्या सीटच्या समोर, पाय ठेवायच्या जागेत एका खोक्यात बसवलेली होती. उजवीकडे यादोराव, डावीकडे बॅटरी, त्यामुळे काटे बऱ्यापैकी जुळायचे. जुळले की ते मला हाक मारून दाखवायचे.

म्हणूनच या हिवाळ्यात एके दिवशी ते "सर, बॅटरी मांगं न्यायची हाय" म्हणाले तेव्हा मी चकित झालो.

"काहून जी? काटे तर जुळलेत."

"तोल," ते बोट वर करून म्हणाले. "पुढं इंजिन, पुढंच बॅटरी. नाक जड होते. तुमी मराठी शिकवता, तुमाले नाही समजणार."

मला समजलं नाही हे खरंच होतं. मागे डाव्या बाजूला पेट्रोलची टाकी होती. बॅटरीला जागा उरली ती यादोरावांच्या पाठीमागे, उजवीकडे. म्हणजे सगळं वजन एकाच अंगाला. मी तसं म्हणालो. "बरोबर हाय. तसंच पायजे," ते म्हणाले, आणि कामाला लागले.

काम सोपं नव्हतं. बॅटरी मागे आणि इंजिन पुढे, म्हणजे वायर लांबली. यादोरावांनी वजन वाचवायला बारीक वायर टाकली. चावी फिरवल्यावर मोटार म्हाताऱ्या बैलासारखी नुसती हुंकारली आणि वायर तव्यासारखी तापली. मग वेल्डिंगची जाड केबल आणली. तीही घाईत पत्र्याच्या भोकातून तशीच ओवली. धार लागून तिचं वरचं रबर सोललं आणि असा लखलखाट झाला की मी हातातला पाना टाकून थेट तुळशीपर्यंत पळालो.

"पळाले काहून?" यादोराव जागेवरून न हलता म्हणाले. त्यांच्या भुवया थोड्या जळाल्या होत्या.

शेवटी भोकाच्या कडेला सायकलच्या ट्यूबचं रबर लावलं, बॅटरीखालीही तेच घातलं, वरून लोखंडी पट्टी आवळली आणि हाताशी एक बंद करायचा खटका बसवला. मोटार पहिल्याच चावीला सुरू झाली. यादोराव आत बसले. उजवीकडचे दोन्ही काटे धाडकन पुढे गेले, डावीकडचे मागे पडले. आजवर इतकं वाईट वजन कधी आलं नव्हतं. यादोराव मात्र सुपारी कातरत मजेत हसत होते.

त्याच आठवड्यात त्यांनी डाव्या बाजूचा पत्रा कापला आणि तिथे बिजागऱ्या लावून चक्क दार बसवलं.

इथे काकूंबद्दल सांगायला हवं. काही वर्षांपूर्वी त्या न्हाणीत घसरल्या. ऑपरेशन झालं, पण उजवा गुडघा वाकेना तो वाकेनाच. ऑटोत पाय मावत नाही, एसटीत समोरची सीट आडवी येते, भाड्याच्या गाडीत एकदा बसवलं तर दार लागेना. नाकाडोंगरीचं माहेर सुटलं. मंगळवारचा बाजारही सुटला, आणि काकूंना त्याचंच जास्त लागलं. बाजार हे त्यांचं राज्य होतं. आता भाजी यादोराव आणायचे आणि पिशवी रिकामी होईपर्यंत बोलणी खायचे. "वांगी सारी बियाची हायेत. भाजी पाहाले काटा लागते का डोळे?" वजनात चोख असलेला हा माणूस भाजीत दरवेळी फसायचा.

दार बसल्यानंतरच्या मंगळवारी सकाळी मी पेपर मागायला गेलो. शेडखाली काकू मोटारीत बसल्या होत्या. डाव्या सीटवर, पाठ मागे टेकून, उजवा पाय सरळ पुढे लांब केलेला. जिथे बॅटरीचं खोकं होतं तिथपर्यंत त्यांची टाच पोचली होती. यादोराव दाराशी जमिनीवर गुडघे टेकून, मान आत घालून त्यांच्या पायाकडे बघत होते.

"लागून राहिलं का कुठं?"

"नाही."

"पुरा सोडा ना पाय. अंग चोरू नोका."

"सोडलाच हाय जी. अजून जागा हाय." काकूंनी पायाची बोटं हलवून दाखवली.

मी दिसताच यादोराव घाईघाईने उठले. "वजन पाहून राहिलो होतो, सर. तोल." मोटारीखाली एकही काटा नव्हता.

मला तेव्हा उमजलं. बसच्या, ऑटोच्या, गाडीच्या सीटवर पाय खाली सोडून बसावं लागतं. पाय सरळ लांबवून बसता येतं ते फक्त असल्या बुटक्या मोटारीत. एवढी खोकी मागवून, एवढी खटपट करून या माणसाने एका न वाकणाऱ्या गुडघ्यासाठी जागा बांधली होती, आणि काटे जुळवण्याच्या नादात बॅटरी नेमकी त्याच जागेत बसवली होती. आता उजवीकडचं जास्तीचं वजन तोलायला डावीकडे काकू होत्या.

"मले घेऊन कुठं जाता?" काकूंनी विचारलं.

"तुमी सांगा."

काकूंनी उघडं दार ओढून लावलं. मग म्हणाल्या, "पिशवी आणा."

मी सायकलने मागोमाग गेलो. मागच्या रस्त्याने मोटार बाजाराच्या कडेला पोचली आणि भाजीवाल्यांच्या ओळीपाशी थांबली. भाजीवाल्या बाया जमिनीवर बसलेल्या, आणि मोटार इतकी बुटकी की काकूंचं तोंड बरोबर त्यांच्या तोंडासमोर आलं. सगळा बाजार उभा राहून बघत होता. बसलेल्या होत्या त्या या बाया आणि काकूच.

"अवो बाई, किती दिवसांनी!" एक म्हातारी म्हणाली.

"पाय रुसला होता," काकू म्हणाल्या आणि दार उघडून, हात लांब करून, वांगं उचललं. बोटाने दाबलं. देठ पाहिला. ठेवलं. दुसरं उचललं. त्या म्हातारीच्या सुनेची, नातवाची, यंदाच्या धानाची चौकशी झाली. सांबार, म्हणजे कोथिंबीर, हुंगून झाला. काकूंना कसलीच घाई नव्हती.

यादोराव उतरून बाजूला पिशवी धरून उभे होते. ऊन चढत होतं. मोटारीला टप नाही. मी पाहिलं, ऊन सरकलं की ते अर्धं पाऊल सरकायचे, म्हणजे त्यांची भली रुंद सावली काकूंच्या डोक्यावर राहायची.

काकूंनी मान वर केली नाही. मेथीची जुडी निवडता निवडता म्हणाल्या, "अजून थोडे इकडं व्हा."

यादोराव झाले.