सखूआक्कांचे मालक

"मास्तर, जरा मालकास्नी धरता का? एकटीला आवरंनात."

पुणतांब्याला बदली होऊन मला चारच दिवस झाले होते. शेजारच्या सखूआक्का विधवा आहेत, असं शाळेच्या शिपायानं सांगितलं होतं. मी बुचकळ्यात पडलो.

"सकाळपासनं ठिबकत्यात. तोंडात फडकं कोंबलंय."

आता मात्र मला परत घरात शिरावंसं वाटलं. तरी गेलो. परसात पत्र्याखाली एक हिरवा, तेलकट जनरेटर उभा होता.

आक्कांच्या नवऱ्याचा तंबूतला सिनेमा होता. जत्रा-जत्रा फिरायचा. तो गेला, तंबू विकला, पडदा फाटला. हे यंत्र तेवढं उरलं. "त्यांच्यावानीच हाय," आक्का म्हणाल्या. "दहा येळा हाक मारल्याबिगर उठत न्हाईत, अन् उठले की साऱ्या गावाला कळतं."

पुढंही माझी पंचाईत काही सरली नाही. "मालकांनी बोट चेमटलं", "मालकांना एस्टीच्या टपावर टाकून नगरला नेलं", असं त्या भर बाजारात सांगत. ऐकणारा नवखा असला की माझ्याकडं बघायचा. मी दुसरीकडं बघायचो.

त्या दुष्काळी सालात लाईट रोज तिन्हीसांजेला जायची. गेली की आक्का पदर खोचत. आधी घरातला मेन स्विच पाडायचा, मग तो पडलाय का ते मला बघायला लावायचं. "आपला करंट उलटा तारंत गेला तर खांबावर चढलेल्या वायरमनच्या लेकराचं काय?" मग घासलेट, मग दोरीचे हिसके, मग शिव्या. शेवटी धडधड सुरू व्हायची आणि अंगणात दोन दिवे लागायचे.

सारी गल्ली तिथं जमायची. बाया रेशनची मिलो ज्वारी निवडायच्या, पोरं पाढे म्हणायची. आक्का प्रत्येकाला चहा घ्यायलाच लावायच्या. कोपऱ्यावरच्या खांबाचा दिवा लागला की लाईट आल्याचं कळायचं, आणि पाच मिनिटांत अंगण ओस पडायचं.

एका आठवड्यात तो खांबावरचा दिवाच उडाला. त्या रात्री अंगणात यायला निघताना साऱ्यांनी आपापल्या घरची बटणं बंद केलेली. माझं तेवढं चालू राहिलं होतं. गप्पा चालू असताना माझ्या खिडकीत एकदम उजेड पडला. माझी खिडकी आक्कांच्या ओट्यावरूनच दिसायची. बाकी कुणाचं तिकडं लक्ष नव्हतं.

"आक्का, लाईट..." मी म्हणू लागलो.

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. खिडकी त्यांनी माझ्या आधीच पाहिली होती.

"मास्तर," त्या हळूच म्हणाल्या, "तुमच्याकडं आज कुणी यायचं हाय का?"

"नाही."

"मग?"

मला आधी काहीच उमजेना. मग भरलेल्या अंगणाकडं नजर गेली. उठलो, घरी गेलो, बटण बंद केलं आणि अंधारातून चाचपडत परत येऊन बसलो. आक्कांनी न विचारता माझ्या हातात चहाचा कप दिला.