कारण राखून ठेवलेली नणंद

मृत्यूचं कारण राखून ठेवलेल्या माणसाला ते कारण ठरेपर्यंत घरीच राहावं लागतं, म्हणून प्रणिता गावंडे अकरा वर्षांपासून आईच्या घरी मागच्या खोलीत राहत होती. शवविच्छेदन अहवालाच्या शेवटच्या ओळीत डॉक्टरांनी लिहिलं होतं, ‘मत राखून ठेवले आहे.’ पुढे रासायनिक तपासणीचा कागद आला. त्यात विष आढळलं नाही, एवढंच होतं. तोवर डॉक्टरांची बदली झाली आणि राखून ठेवलेलं मत ते बहुधा सामानाबरोबर घेऊन गेले.

शलाकाला हे सगळं लग्न ठरतानाच सांगितलं होतं. “मुलाला एक मोठी बहीण. कारण राखून ठेवलेली. बाकी लपवण्यासारखं काही नाही,” असं मध्यस्थ म्हणाले आणि तिच्या वडिलांनी मान डोलावली. त्यांच्या चुलतघरातही एक काका तसे राहिले होते, पण त्यांचं कारण सात महिन्यांत निघालं. अकरा वर्षं म्हणजे जरा जास्तच, असं तिची आई परतीच्या वाटेवर म्हणाली, पण मुलगा चांगला होता.

हाक काय मारायची, हा प्रश्न पहिल्याच दिवशी आला. शलाका सव्वीसची. प्रणिता गेली तेव्हा चोवीसची होती आणि चोवीसचीच राहिली होती. सासूबाईंनी निवाडा दिला. “नातं मोठं, वय नाई. ताई म्हन.”

ताई मागच्या खोलीत पलंगावर बसलेल्या असत. अंगावर जांभळ्या काठांची साडी, डाव्या पायाला गुडघ्याखाली प्लास्टर. कारण ठरेपर्यंत मृताची स्थिती बदलू नये असा नियम असल्यामुळे साडीही तीच आणि प्लास्टरही तेच. आत खाज सुटे. रोज दुपारी सासूबाई विणकामाची सुई घेऊन बसत आणि प्लास्टरच्या कडेनं हळूहळू खाजवून देत. त्या वेळी दोघी फार बोलत नसत. शलाका दारातून बघे आणि पुढे निघून जाई.

शलाका खैरी पेठेच्या ग्रामीण रुग्णालयात वैद्यकीय अधिकारी होती. न्यायवैद्यक मृत्यू अन्वेषणाचं प्राथमिक प्रमाणपत्र तिच्याकडे होतं. त्यावर कारण राखून ठेवता येतं. राखून ठेवलेलं सोडवायचं तर प्रगत प्रमाणपत्र लागतं. जिल्ह्यात तसा अधिकारी एकच होता आणि तो गेल्या वर्षी वारला. त्याचंही कारण राखून ठेवलेलं होतं.

तिनं प्रगत परीक्षेचा अर्ज भरला, तेव्हापासून सासूबाईंना दर रविवारी पाहुणे आठवू लागले. पाहुणे नसले तर पापड. पापड झाले तर माळ्यावरची भांडी.

“परीक्षा काय, पुढच्या साली बी येते,” त्या म्हणत. “तूर डाळ निवडाची हाय.”

“आईचं मनावर घेऊ नको,” तिचा नवरा प्रफुल्ल रात्रीच्या जेवणाला म्हणाला. बहिणीपेक्षा तो सात वर्षांनी धाकटा होता, आता चार वर्षांनी मोठा झाला होता. “पण मला तुमच्या मधे घेऊ नका. मला आईही पाहिजे, ताईही पाहिजे.”

“आणि मी?”

“तू तर पास होशील,” तो म्हणाला, आणि ताटाकडे बघत राहिला.

अभ्यास ताईंनीच घेतला. पुस्तक मांडीवर, बोट ओळीवर.

“मरणोत्तर ताठरता. सुरुवात कुठून?”

“पापण्या. मग जबडा, मान, हात.”

“बरोबर. माझं तसंच झालं. जबड्यानंतरचं मला नीट आठवत नाही.” त्यांनी पान उलटलं. “मूळ कारण म्हणजे काय?”

“जिथून साखळी सुरू झाली ते. मधे कितीही दिवस गेले तरी.”

“इतकं तोंडपाठ येतं, मग माझं का लिहीत नाहीस?”

शलाकाला उत्तर ठाऊक होतं आणि ताईंनाही होतं. लेखी पेपराबरोबर एक राखून ठेवलेलं प्रकरण सोडवून द्यायचं होतं, आणि तिनं अर्जात प्रणिताचं नाव लिहिलं होतं. प्लास्टरमध्ये तीन आठवडे पाय, मग एका सकाळी अचानक मृत्यू. पायात रक्ताची गुठळी झाली, ती सुटून फुप्फुसात गेली, हे पुस्तकाच्या चौथ्या धड्यापर्यंत पोचलेला कोणीही सांगेल. पण पोटरी दुखत होती का, दम लागला का, किती वेळात कोसळली, हे पुराव्यानं दाखवायला हवं होतं. ताईंना ते सगळं आठवत होतं. अडचण पान एकशे बारावर होती: ‘मृत व्यक्ती प्रकरणात हितसंबंधी असल्याने तिचे म्हणणे पुरावा म्हणून ग्राह्य धरू नये.’ जिवंत साक्षीदार हवा होता. त्या सकाळी खोलीत दुसरं एकच माणूस होतं.

“आई देणार नाहीत जबाब,” शलाका म्हणाली.

ताईंनी ओळीवरचं बोट काढलं. “प्रफुल्ल माझ्यासमोर बारावीतून कॉलेजात गेला. आता त्याचे कानाजवळचे केस पिकायला लागलेत. उद्या तुझी पोरं माझ्याहून मोठी होतील, आणि मी त्यांची आत्या, चोवीस वर्षांची. पाहुणे यायचेत म्हणून साडी नेसलेली.” मग त्यांनी पुस्तक मिटलं. “मला जायचं आहे गं. तू विचार तिला.”

तिनं विचारलं ते एका गुरुवारी, दुपारी. शेजारच्या कोल्हेकाकूंना पंच म्हणून बोलावलं होतं. त्या भिंतीला टेकून बसल्या आणि पदरानं वारा घेऊ लागल्या. सासूबाई गहू निवडत होत्या.

“आई, त्या दिवशी सकाळी काय झालं?”

“तुले माईत हाय तं काहून विचारतं?”

“मला माहीत असून चालत नाही. बघणाऱ्यानं सांगावं लागतं.”

“म्हंजे माह्या पोरीले घरातून काढाले मीच सही देऊ?” सासूबाईंनी सूप खाली ठेवलं. “घरात हाय, डोयापुढं हाय. कोनाचं खाते का पेते? काय जड झाली तुले?”

“जड नाही झाल्या.”

“मंग?”

मागच्या खोलीतून पाय ओढल्याचा आवाज आला. ताई दारात येऊन उभ्या राहिल्या. “आई, सांगून टाक.”

“तू गप राय. तुहं म्हननं पुराव्यात धरत नाई,” सासूबाई म्हणाल्या. नियम त्यांनाही पाठ होता. पाठ असणारच. अकरा वर्षं त्या नियमाच्या भरवशावर काढलेली.

कोल्हेकाकू हळूच म्हणाल्या, “विमल, मी तुह्या घरी एकदा बी रडाले आली नाई. येताच आलं नाई. कोनत्या तोंडानं येऊ? पोरगी समोर बसेल.”

सासूबाईंनी एक खडा उचलला, बाजूला ठेवला. मग खाली बघूनच बोलू लागल्या, आणि शलाकानं पेन उघडलं.

“दहा वाजता पाहुने येनार होते, आर्वीचे. हे रातभर म्हने, आई पोटरी दुखते, पोटरी दुखते. म्या म्हटलं, हाड जुयते तं दुखतेच. सकायी म्हने, मी पलंगावरच बसतो. म्या म्हटलं, लंगडी हाय म्हनतीन, उठ. उठवलं. साडी नेसवली. निऱ्या म्याच घातल्या. चार पावलं चालली. म्हने, आई, दम लागला. म्या म्हटलं, पाहुन्यापुढं असं तोंड नको करजो.” त्यांनी आणखी एक खडा वेचला. “मंग पडली. निऱ्या बी सुटल्या नाई.”

शलाकानं शेवटचं वाक्य उतरवून घेतलं.

“आता लिव,” सासूबाई म्हणाल्या. “आईनं उठवलं म्हनून मेली, असं लिव. गावाले वाचून दाखव.”

शलाकानं परीक्षेत द्यायचा छापील नमुना समोर ओढला. तिनं सावकाश लिहिलं आणि पान एकशे चाळीसवर सांगितल्याप्रमाणे मोठ्यानं वाचून दाखवलं. तात्कालिक कारण, फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत गुठळी. त्याचं कारण, पायाच्या शिरेत गुठळी. त्याचं कारण, स्कूटरवरून पडून मोडलेलं हाड. मृत्यूचा प्रकार, अपघाती.

“आन मी?”

“तुमचं नाव खाली आहे. साक्षीदार म्हणून.”

“वरते कोठी?”

“वर नाही, आई.”

“उठवलं ते कोठी लिवलं?”

“उठवलं याला रकाना नाही.”

सासूबाईंनी कागद हातात घेतला. त्यांना वाचता येत होतं. त्यांनी वरून खाली वाचला, मग खालून वर, मग उलटून मागची कोरी बाजू पाहिली. एखाद्या लग्नपत्रिकेत आपलं नाव राहून गेलंय असं वाटणाऱ्या माणसासारखा त्यांचा चेहरा झाला होता. “अकरा वर्सं,” त्या म्हणाल्या. “अकरा वर्सं म्या हे कोनाले दिसू नाई दिलं. आन कागदात त्याले जागाच नाई?”

“मी तशीही उठणारच होते, आई,” ताई दारातून म्हणाल्या. “मला ती साडी आवडली होती.”

हे पुराव्यात धरता येत नव्हतं, म्हणून शलाकानं लिहून घेतलं नाही.

सासूबाईंनी सही केली. कोल्हेकाकूंनी केली.

तोंडी परीक्षा अकोल्यात झाली. परीक्षकांनी प्रकरण चाळलं आणि विचारलं, “मृत तुमची कोण?”

“नणंद.”

“म्हणजे तुमचा हितसंबंध आहे.”

“आहे.”

“घोषणापत्र जोडलंय?”

“जोडलंय.”

“मग काही हरकत नाही,” ते म्हणाले. एकाहत्तर गुण पडले.

प्रमाणपत्र टपालानं एका मंगळवारी आलं. ते हाती आल्यापासून तीन दिवसांत राखीव मत निकाली काढावं लागतं. तीनही दिवस सासूबाईंनी शलाकाला कुठलंच काम सांगितलं नाही. पापड नाहीत, डाळ नाही. शुक्रवारी सकाळी प्रफुल्लनं रजा टाकली आणि मागच्या खोलीत जाऊन बहिणीशेजारी बसला. दोघं काय बोलले ते शलाकानं विचारलं नाही.

अंतिम मताखाली सही आणि वेळ घालायची असते. शलाका टेबलाशी बसली.

“अक्षर नीट काढ,” ताई म्हणाल्या. “डॉक्टरांसारखं नको.”

सासूबाई दाराची चौकट धरून उभ्या होत्या. ताई पलंगावरून उठल्या. निघताना पोरी म्हणतात तसं सवयीनं म्हणाल्या, “येते मी, आई.”

सासूबाईंनी जोरात मान हलवली. “येते नको म्हनू,” त्या म्हणाल्या. “जाते म्हन, बापा. जाते म्हन.”

ताईंनी आईकडे पाहिलं. “जाते,” त्या म्हणाल्या.

शलाकानं सही केली आणि वेळ घातली, सव्वाअकरा.

त्या दिवशी घरात चूल पेटली नाही. दुपारी कोल्हेकाकू डबा घेऊन आल्या, मागोमाग आळीतल्या सात-आठ बाया. दारातूनच त्यांनी हंबरडा फोडला, जसा फोडायचा असतो, आणि सासूबाईंनी त्यांच्या गळ्यात पडून जसं रडायचं असतं तसं रडून घेतलं. त्यांच्यात एक नवीन भाडेकरू होती. तिनं विचारलं, “कधी गेली?”

“आज,” सासूबाई म्हणाल्या.

“वय?”

“चोवीस.”

“अरेरे,” ती बाई म्हणाली. “जायचं वय होतं का?”

सुतकातल्यांना कडू घास द्यायची वेळ झाली. काकूंनी भाकरीचा तुकडा पिठल्यात बुडवून सासूबाईंच्या तोंडाशी नेला. त्यांनी तो घेतला, पुष्कळ वेळ चावला. मग दुसरा तुकडा त्यांनी स्वतः मोडला आणि कोपऱ्यात उभ्या असलेल्या शलाकापुढे धरला.

“तू बी घे,” त्या म्हणाल्या. “तुही नणंद गेली.”