चेरीच्या बुंध्याशी बर्फ

फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी विलास साखळकर चहाचा कप घेऊन आखातातल्या सनद गावी आपल्या व्हिलाच्या अंगणात आले आणि फाटकाजवळच्या चेरीवर त्यांना कापूस दिसला. बोट लावलं तर बोट चिकटलं. पानांच्या मागे, फांद्यांच्या बेचक्यांत, सगळीकडे पिठ्या ढेकूण. बुंध्यावरून मुंग्यांची ये-जा अशी, की जणू झाड त्यांच्याच नावावर आहे.

ते विलासरावांच्याही नावावर नव्हतं. व्हिला भाड्याचा होता आणि करारात एक विचित्र अट होती. घरमालक महमूदची आई महमुदा हिने लावलेलं हे झाड जगलं पाहिजे. नवरा गेल्यापासून म्हातारी मुलाकडे झिंज भागात राहत होती. दर एप्रिलअखेर ती येऊन झाड बघायची, मान हलवायची, मग महमूद वर्षभराची मुदत वाढवायचा. झाड गेलं तर घर गेलं.

विलासरावांना छपराची काळजी नव्हती. शहरातल्या गुदैबियाच्या दोन खोल्यांत अकरा वर्षं काढल्यावर मराठी मंडळात त्यांना 'व्हिलावाले साखळकर' म्हणू लागले होते. ही पदवी त्यांना इंजिनीअरिंगच्या पदवीपेक्षा प्यारी होती, कारण तिच्यात एकही विषय राहिला नव्हता.

"मेलं तर मेलं," हेमा म्हणाली. "गुदैबियात चपला सरकवून खाली उतरलं की कढीपत्ता मिळायचा. इथे दोन मिरच्यांसाठी गाडी काढावी लागते."

"तुला ते झाड मरायलाच हवंय!"

"असं म्हटलं का मी? अहो, त्या म्हातारीलाच फोन करून विचारा ना. तिचंच झाड."

"वेड लागलंय? आपल्याच हाताने पुरावा द्यायचा?"

हेमा गप्प बसली. हेमा गप्प बसली की सावध व्हावं, हे सतरा वर्षांच्या संसारात विलासरावांच्या ध्यानात आलं नव्हतं.

त्यांनी झाडाचा फोटो मंडळाच्या ग्रुपवर टाकला. तासाभरात एकेचाळीस उपाय आले. कारखान्यात क्वालिटी मॅनेजर असलेल्या माणसाने त्यातला योग्य तो निवडला असता. पण विलासरावांना पुढच्या निवडणुकीत उपाध्यक्ष व्हायचं होतं, त्यामुळे त्यांनी उपाय हुद्द्याप्रमाणे लावले. आधी अध्यक्षांचा, मग उपाध्यक्षांचा, मग सचिवांचा. झाडाला काय झालंय, हा प्रश्न कार्यकारिणीपुढे आलाच नाही.

अध्यक्ष म्हणाले होते, "चेरी थंड मुलखातली. मुळाशी बर्फ घाला." कोपऱ्यावरच्या कोल्ड स्टोअरचा, म्हणजे वाण्याच्या दुकानाचा, झुबेर स्वतः रोज सहा पिशव्या बर्फ आणून देऊ लागला. चौथ्या दिवशी त्याला राहवेना. "साब, रोज पार्टी होता है क्या?"

विलासराव स्वेटर घालून झाडाला गारवा देत होते. आळ्यात तळं झालं. पानं पिवळी पडली.

"उतार पडतोय," त्यांनी ग्रुपवर कळवलं.

उपाध्यक्षांचा उपाय गूळ, बेसन आणि आंबट ताकाचा होता. आठवडाभर आंबवून तो झाडावर शिंपडला तेव्हा शेजारच्यांनी खिडक्या लावून घेतल्या. सनदमधल्या ज्या मुंग्यांना हे झाड ठाऊक नव्हतं, त्यांनाही पत्ता मिळाला.

"बाबा, इट्स अ बुफे फॉर देम," अथर्व म्हणाला.

"मराठीत बोल!"

"जेवण वाढलंय त्यांना."

सचिवांचा उपाय रॉकेलचा. निम्मं झाड करपलं. खजिनदारांचा उपाय करायचा राहिला, कारण कंपनीने विलासरावांना तीन आठवड्यांसाठी दम्मामला पाठवलं. झाडाच्या आयुष्यातला हा पहिला चांगला दिवस.

त्या संध्याकाळी हेमाने पलीकडच्या लुर्डसला बोलावलं. लुर्डस वसईची, इस्पितळात नर्स. आल्या आल्या तिने बुंध्याजवळची माती उकरून नाकाशी धरली.

"अगं बाय! बुडवून मारताय याला. ही गरम मुलखातली चेरी, आमच्या वाडीत होती. हिला बर्फ कोणी सांगितला?"

"अध्यक्षांनी."

"त्यांना आणून इथेच पुर."

दोघींनी किडकी डहाळी कापून पिशव्यांत बांधली, पानांना खालून पाण्याचा जोराचा फवारा मारला, दर चौथ्या दिवशी ऊन उतरल्यावर साबणाचं पाणी मारलं. बुंध्याला कागदी पट्टी गुंडाळून वर ग्रीस फासलं, तशा मुंग्या खालूनच परत फिरल्या. तळं आटू दिलं. हेमा रोज झाडाचा फोटो काढायची.

विलासराव परतले तेव्हा झाडाला कोवळी पालवी होती आणि गुलाबी फुलं. लुर्डसने काय काय केलं ते हेमाने सांगितलं. त्यांनी कमरेवर हात ठेवून झाडाला एक फेरी मारली.

"बघ! उपायांना वेळ द्यावा लागतो."

एप्रिलअखेर फांद्या लाल फळांनी वाकल्या. विलासरावांनी अख्ख्या कार्यकारिणीला बोलावलं. मंडळी चेरी खात उभी असतानाच महमूदच्या गाडीतून महमुदा उतरली. झाडाखाली गेली, एक फळ तोंडात टाकलं आणि डोळे मिटून कितीतरी वेळ तशीच उभी राहिली.

"किसने किया?" तिने विचारलं.

"मैंने, अम्मा!" विलासराव चार पावलं पुढे आले. "अकेले मैंने. रात-दिन."

"बर्फ," अध्यक्ष मागून हळूच म्हणाले.

"शौहर गया, झाड सूखा. फल नहीं दिया," म्हातारी म्हणाली. "मैं बोली, जब फल देगा, तब मैं इस घर में वापस आएगी. खलास. महमूद, मेरा सामान लाओ."

महमूदने दोन्ही हात पसरले. "विलास भाई, क्या करूँ, माँ है. जून में करार पूरा होता है. आपने इतनी मेहनत की, शुक्रन."

विलासरावांच्या तोंडाशी लुर्डसचं नाव आलं. पण समोर अख्खी कार्यकारिणी तोंडात चेरी घेऊन त्यांच्याकडे कौतुकाने बघत होती. त्यांनी ते नाव गिळलं.

म्हातारी हेमाकडे वळली आणि तिचे दोन्ही हात धरले. "बेटी, तू रोज फोटो भेजी. मैं रोज देखी."

विलासरावांनी बायकोकडे पाहिलं. हेमा म्हातारीच्या खांद्यावर पडलेलं एक वाळकं पान उचलत होती.

जुलैत गुदैबियाच्या फ्लॅटच्या बाल्कनीत एक कुंडी होती. त्याच चेरीची फांदी, महमुदाने स्वतः लावून दिलेली. हेमा खालून कढीपत्ता घेऊन आली तेव्हा विलासराव कुंडीवर ओणवे होते.

"हेमा, पांढरं काहीतरी दिसतंय. ग्रुपवर विचारू?"

"खुशाल विचारा," हेमा चपला काढत म्हणाली. "हे मेलं काय नि जगलं काय, घर काही जात नाही."