कट्टा दुरुस्त करावा की नवा बांधावा?

गंगापूर रोडवरच्या ‘सुवर्णदीप’ रो-हाऊस सोसायटीच्या मागच्या अंगणातला लाकडी कट्टा कुजू लागला आहे, ही गोष्ट सोसायटीचे सचिव रविराज गायखे यांनी २००३ च्या उन्हाळ्यात अत्यंत गांभीर्याने घेतली.

घरं विकताना बिल्डरने त्याला ‘डेक’ म्हटलं होतं. घरं विकली गेल्यावर त्याचा कट्टा झाला. संध्याकाळी तिथे रविराजरावांच्या मातोश्री लंकाबाई आणि शेजारच्या कुसाबाई मेथी निवडत बसायच्या आणि निवडता निवडता सोसायटीतल्या सगळ्या सुनांचाही निकाल लावायच्या. लंकाबाईंचे गुडघे कामातून गेलेले. स्वयंपाकघराच्या मागच्या दारातून कट्ट्यापर्यंत, एवढंच त्यांचं जग उरलं होतं. तो कट्टा होता म्हणून तर गाव सोडून त्या लेकाकडे टिकल्या होत्या.

“रव्या, दोन फळ्या ठोकून टाक ना बाबा,” त्या म्हणाल्या. “एवढं काय लागतंय त्याला?”

“आई, ती सामायिक मालमत्ता आहे. असं कुणीही उठून खिळा ठोकू शकत नाही.”

“मंग सामायिक माणसं बोलाव अन् ठोक.”

सामायिक माणसं बोलावण्यात आली. सभेत लगेच दोन तट पडले. जुनं ते सोनं म्हणणारे दुरुस्तीच्या बाजूला गेले, आणि एकदाचं काय ते चांगलं करा म्हणणारे नव्याच्या. दोन्हीकडच्या मंडळींनी कट्ट्यावर कधी पाय ठेवला नव्हता, त्यामुळे चर्चा निःपक्षपाती झाली. शेवटी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले सहादू बोरस्ते यांच्या अध्यक्षतेखाली उपसमिती नेमण्यात आली.

बोरस्ते साहेबांनी आधी तत्त्व ठरवलं. निम्म्याहून अधिक फळ्या बदलाव्या लागल्या तर ती दुरुस्ती नव्हे, ते नवीन बांधकाम. मग पेचकस घेऊन ते स्वतः फळीफळी टोचत फिरले. बऱ्याच फळ्या त्यांच्या टोचण्यानेच गेल्या, आणि कट्टा नवीन बांधकामात जमा झाला.

नवीन बांधकाम म्हटल्यावर मुहूर्त आला. रविराजराव पंचवटीत गुरुजींकडे गेले. गुरुजींनी विचारलं, “कट्टा म्हणजे वास्तू म्हणायची का हो?” सोसायटीची प्रतिष्ठा लक्षात घेऊन रविराजराव म्हणाले, “अर्थात!”

“मग झालं! गुरू सिंहेत जातोय. सिंहस्थ संपेपर्यंत नवं काही काढू नका.”

दुरुस्ती तत्त्वात बसत नव्हती आणि नवं पंचांगात बसत नव्हतं. दरम्यान कुणी पडलं तर जबाबदारी कुणाची, या विचाराने सचिवांची झोप उडाली. त्यांनी कट्ट्याभोवती दोरी बांधली आणि ‘प्रवेश बंद’ अशी पाटी लावली. आईला स्वयंपाकघरात एक स्टूल दिलं.

“रव्या, हितं कोणाशी बोलू? कुकरशी?”

“वर्षभराचाच प्रश्न आहे, आई.”

कुसाबाई काही दिवस दोरीपलीकडून हाका मारायच्या. मग कंटाळून त्या लेकीकडे सिन्नरला निघून गेल्या. लंकाबाई हळूहळू कमी बोलू लागल्या. घरात शांतता आली, ती रविराजरावांना सोयीची वाटली, आणि तसं वाटल्याची थोडी लाजही वाटली. पण लाज हा विषय सभेच्या पत्रिकेवर नव्हता.

सिंहस्थ उलटल्यावर वार्षिक सभा भरली. बोरस्ते साहेब अहवाल वाचायला उभे राहिले. “गेल्या वर्षभरात कट्ट्याचा वापर केलेल्या व्यक्ती: शून्य.”

सभा चकित झाली. जो कट्टा कुणी वापरतच नाही, त्यावर खर्च कशाला? त्यापेक्षा तो काढून तिथे गाड्या लावू.

रविराजरावांच्या डोळ्यांसमोर ते स्टूल आलं. ते उठले. “माझ्या आईला तिथं...”

“मातोश्री सभासद आहेत का?” बोरस्ते साहेबांनी आदराने विचारलं.

“नाहीत. घर माझ्या नावावर आहे.”

“मग सभासद म्हणून तुमचं मत सांगा.”

सभासद म्हणून रविराजरावांनी दसऱ्यासाठी नवी गाडी नोंदवली होती. ती कुठे उभी करायची हा घोर त्यांना होताच. हात वर करा म्हटल्यावर त्यांनी आजूबाजूला पाहिलं, आणि त्यांच्या लक्षात आलं की आपला हात आधीच वर आहे. ठराव एकमताने मंजूर झाला.

कट्टा एका सकाळीत निघाला. मोडायला मुहूर्त लागत नाही. आता मागचं दार उघडलं की गाडीच्या बॉनेटला लागतं, म्हणून ते कडी घालून बंदच असतं.

“गाडीला ऊन तर नाय ना लागत रे?” लंकाबाईंनी एकदा आतून विचारलं. रविराजरावांनी त्याच आठवड्यात वर पत्रा टाकून घेतला. त्याला सभा लागली नाही.

नाशिकला आलात तर जरूर या. गाडी मागेच लावा, पाहुण्यांसाठी जागा राखून ठेवली आहे. आतून एक म्हातारी कधीकधी कडी वाजवते. तिकडे लक्ष देऊ नका. घरी तरी कुठे देता?